सासूबाईंच्या वजनाचं पोतं

आदिलाबादेत, बेल्याला जाणाऱ्या रस्त्यावर सुधाकरराव मिस्त्रींचं गॅरेज आहे. तीस वर्षं त्यांनी लोकांच्या गाड्या दुरुस्त केल्या आणि तीस वर्षं लोकांना एकच गोष्ट ऐकवली, की गाडी उंच दिसते म्हणून ती काही जीप होत नाही. अलीकडे ज्या छोट्या, फुगीर, डोळे वटारलेल्या गाड्या घरोघरी आल्यात, त्यांच्यावर तर त्यांचा खास राग. जाहिरातीत त्या डोंगर चढतात आणि इथे गतिरोधकावर पोट घासतात. ओढायला पुढची दोन चाकं, मागची दोन नुसती सोबतीला. एवढं सगळं ठाऊक असून त्यांनी स्वतः तसलीच एक जुनी गाडी घेतली होती, कारण बायकोला, विमलबाईंना, तिचा विटकरी रंग आवडला होता. घरात मिस्त्रीपणा चालत नाही, तो गॅरेजात ठेवून यायचा असतो.

विमलबाई गेल्या श्रावणात गेल्या. दोन वर्षं डायलिसिस चाललं, मग शरीराने तेही नको म्हटलं. मूलबाळ नव्हतं. पैनगंगेच्या अलीकडे त्यांचं चार एकर शेत आहे, तिथेच बांधावर अग्नी द्यायचं ठरलं. मुधोळहून विमलबाईंची आई, तुळजाबाई, पुतण्या प्रज्वलसोबत आल्या. आपल्याकडे बाया सरणापर्यंत जात नाहीत, पण ऐंशी ओलांडलेल्या त्या बाईची ही एकुलती एक लेक, तिला अडवायची कोणाची छाती झाली नाही. प्रेत ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत, सुधाकरराव त्याच्याजवळ, आणि मागून विटकरी गाडीत तुळजाबाई. गाडी प्रज्वल चालवत होता.

डांबरी रस्त्यापासून शेतापर्यंत दोन किलोमीटरची पांदण आहे, दोन्ही बाजूंना शेतं आणि मधून काळ्या मातीची गाडवाट. दुसऱ्या वळणावर मातीत बुडालेला दगड गाडीखालच्या ऑइलच्या चेंबरला लागला. ऑइल सांडलं, इंजिन बंद. आभाळ भरून आलेलं, ट्रॅक्टर पुढे निघून गेलेला. प्रज्वल खांदा द्यायला धावत गेला आणि म्हातारी गाडीतच राहिली. तिथून तिला कपाशीच्या वर उठलेला धूर तेवढा दिसला. सुधाकरराव परत आले तेव्हा ती मागच्या सीटवर पदर पुढे ओढून, तोंड दुसरीकडे करून बसली होती. मिस्त्रीची गाडी, आणि ऐन त्या दिवशी दगा दिला, असं कोणी तोंडावर बोललं असतं तरी बरं झालं असतं.

तुळजाबाई जावयाशी तशाही बोलत नसत. जुनी रीत. सासूने जावयापुढे डोक्यावरून पदर घ्यायचा, नाव घ्यायचं नाही, हाताला हात लागू द्यायचा नाही. काही सांगायचं तर भिंतीला सांगायचं, नाहीतर लेकीला. एकतीस वर्षं विमलबाई मधे उभ्या होत्या, म्हणून या दोघांचं सगळं बोलणं त्यांच्यामार्फत झालं. सुधाकररावांनी सासूचा चेहरा नीट पाहिला नव्हता. पाहायचा नसतो.

त्या दिवसानंतर सुधाकररावांना काही वाटेनासं झालं. दात काढायला सुई दिल्यावर गाल आपला वाटत नाही, तसं. तेराव्यानंतर त्यांनी गॅरेज उघडलं. भूक लागली की जेवत, झोप आली की झोपत. विमलबाईंचा जेवायचा पाट स्वयंपाकघराच्या दारामागे उभा होता, तो त्यांनी हलवला नाही, पण त्याकडे बघून आत काही हललंही नाही. लोक म्हणाले, मिस्त्री खंबीर आहे. काही म्हणाले, दगड आहे. दोन्ही ऐकून ते पाना शोधायला लागत.

ज्येष्ठात प्रज्वलचा फोन आला. "भाऊजी, काकू वर्षश्राद्धाले येतो मनते. इचारून राह्यली, पांदणीचा रस्ता आता कसा हाय?"

रस्ता होता तसाच होता. सुधाकरराव म्हणाले, "गाडी थेट शेतापर्यंत जाईल मनून सांग."

ट्रॅक्टर किंवा बैलबंडी नेता आली असती. पण तुळजाबाईंचा खुबा दोन वर्षांपूर्वी मोडून बसवलेला, डॉक्टरांनी हादरे वर्ज्य सांगितलेले. म्हणजे गाडीच, आणि तीही तीच. दुसरी गाडी मागायचा विचार त्यांच्या मनात आला नाही. म्हातारीला ज्या गाडीत बसून धूर बघावा लागला, त्याच गाडीतून तिला बांधापर्यंत पोचवायचं होतं. एवढी एक गोष्ट त्यांना हवी होती. बाकी काही हवंसं वाटत नव्हतं.

त्यांनी गाडी लिफ्टवर घेतली. आधी चेंबरखाली चार मिलीमीटरचा पत्रा वाकवून बसवला, ऑइल काढायला त्याला भोक ठेवलं. चारही स्प्रिंगांना स्पेसर, म्हणजे जाड चकत्या, टाकून गाडी उचलली. पुढच्या बंपरची खालची प्लास्टिकची झालर कापली, चिखलात अडकणारे फ्लॅप काढले. पुढे-मागे ओढायचे हुक चॅसीला वेल्ड केले. डिकीत फावडं, दोर, हवेचा पंप, रिकामी पोती आणि जॅकखाली ठेवायला सागाची जाड फळी, कारण काळ्या मातीत जॅक गाडी उचलत नाही, स्वतःच खाली जातो. शेवटी रुंद, खोल नक्षीचे टायर चढवले. गाडी दिसायला एकदम पैलवान झाली.

आषाढातल्या पावसानंतर ते पांदणीत गेले आणि पहिल्याच वळणावर रुतून बसले. रुंद टायर आणि वरचा मडगार्ड यांच्यात माती ठासून भरली, चाकं फिरेनात. शेत बटईने, अर्ध्या वाट्यावर, करणारा भिवाजी बैलजोडी घेऊन आला, गाडी ओढून काढली आणि टायराला काडीने टोकरत म्हणाला, "मिस्त्री, इतके रुंद काऊन लावले? बंडीचं चाक पाहा. बारीक हाय मनून चालते. माती चिरून खालच्या कडक जमिनीले लागते."

तीस वर्षं लोकांना शिकवणाऱ्याला हे ऐकून घ्यावं लागलं. त्यांनी ऐकून घेतलं. एरवी राग आला असता, तोही आला नाही. रुंद टायर उतरले, बारीक पण उंच टायर आले. दुसऱ्या खेपेला चाक घसरलं की गाडीतला कंप्यूटर आपल्याच शहाणपणाने इंजिनची ताकद कापू लागला. मग त्याचं बटण बंद करायचं, टायरची हवा अठरा पौंडांवर आणायची, दुसऱ्या गिअरमध्ये एका चालीने जायचं आणि मधे थांबायचं नाही, असं सगळं बसत गेलं. तिसऱ्या खेपेला त्यांनी मागच्या सीटवर सरकीचं पन्नास किलोचं पोतं ठेवलं आणि त्याला पट्टा लावला.

"हे कोन?" भिवाजीने विचारलं.

"सासूबाई."

भिवाजी हसायला लागला आणि मिस्त्रींचं तोंड पाहून थांबला. त्या दिवशी गाडी बांधापर्यंत गेली आणि परतही आली. पोतं जागचं हललं नव्हतं. सुधाकररावांनी वळणावरच्या दगडाजवळ उतरून पत्र्याखाली हात फिरवून पाहिला. आपल्याला आनंद व्हायला पाहिजे, असं त्यांच्या मनात आलं, आणि ते पोतं उतरवायला लागले.

श्राद्धाच्या आदल्या दिवशी संध्याकाळी प्रज्वल म्हातारीला बसमध्ये स्वतः उचलून चढवून आणून, रिक्षाने घरी सोडून, त्याच पावली परत गेला. त्याचं खत यायचं होतं. शेजारच्या चंदाने रात्री तुळजाबाईंना सोबत केली. सकाळी सुधाकररावांनी पिंडाचं साहित्य डिकीत ठेवलं, गाडी दारात लावली आणि मागचं दार उघडलं.

तुळजाबाई काठी टेकत आल्या. गाडीपाशी उभ्या राहिल्या. गाडीचा तळ त्यांच्या गुडघ्याच्या पार वर आला होता. त्यांनी एक पाय उचलला, तो वीतभर उठला आणि खाली आला. पुन्हा उचलला. मग त्या काठीवर दोन्ही हात ठेवून नुसत्या उभ्या राहिल्या.

सुधाकरराव बघत राहिले. दोन महिने त्यांनी दगडापासून चेंबरचं अंतर मोजलं होतं, टायरपासून गार्डचं अंतर मोजलं होतं. मोडलेल्या खुब्याचा पाय किती वर उठतो, हे मोजलं नव्हतं. पोत्याला पाय नसतात, ते त्यांनी उचलून ठेवलं होतं.

चंदाने प्लास्टिकची खुर्ची आणली. खुर्चीचे पाय अंगणातल्या ओल्या मातीत रुतले आणि ती कलंडली. चंदाने तुळजाबाईंच्या काखेत हात घालून पाहिलं, तिला एकटीला झेपेना. सुधाकरराव घरात गेले आणि दारामागचा पाट घेऊन आले. गाडीच्या दाराशी ठेवला.

तुळजाबाईंनी पाट ओळखला. पितळी फुल्यांचा, त्यांनीच लग्नात दिलेला.

"चंदा, तो पाट उचला मनून सांग त्याहिले," त्या गाडीच्या चाकाकडे बघत म्हणाल्या. "लेक जेवली त्याच्यावर. मी पाय ठेवू का?"

चंदाने पाट उचलून पदराने पुसला. मग तुळजाबाई हळू आवाजात म्हणाल्या, "राहू द्या मनावं. मी इथूनच हात जोडतो."

म्हणजे याही वर्षी तेच.

सुधाकरराव पुढे झाले. एक हात म्हातारीच्या पाठीमागून घातला, एक गुडघ्यांखालून, आणि तिला उचललं. एकतीस वर्षांत ज्या बाईच्या पायाशिवाय कशाला हात लावला नव्हता, तिला. चंदाच्या तोंडून "अगं बाई" निघालं. तुळजाबाईंनी डोळे मिटले आणि पडायच्या भीतीने जावयाची कॉलर मुठीत धरली.

विमलबाई अशीच कॉलर धरायच्या. हे वजनही सुधाकररावांच्या हातांना माहीत होतं, पोत्यापेक्षा कितीतरी कमी, हाडं आणि लुगडं एवढंच. हॉस्पिटलच्या पलंगावरून गाडीत, गाडीतून घरात. सुधाकररावांनी सासूला सीटवर ठेवलं, पट्टा लावला, पण त्यांना सरळ उभं राहता येईना. वर्षभर जे आलं नव्हतं ते एकदम आलं. गाडीच्या दाराला धरून ते रडले, अंगणात, चंदासमोर, रस्त्यावरच्या लोकांसमोर.

तुळजाबाईंचा पदर मागे घसरला होता, तो त्यांनी पुढे ओढला नाही. त्यांनी जावयाकडे पाहिलं.

"तिले बी असंच उचलत होते का तुमी?"

"हो," सुधाकरराव म्हणाले. "शेवटचे दोन महिने. रोज."

"मंग बरं," त्या म्हणाल्या.

पांदणीत पाणी साचलं होतं. दुसऱ्या वळणावर दगड तिथेच होता, पत्रा त्याच्यावर खरडला आणि गाडी पुढे गेली. सुधाकररावांना समोरचं नीट दिसत नव्हतं, तरी त्यांनी चाल मोडली नाही. बांधाशी गाडी थांबवून ते खाली उतरले आणि मागचं दार उघडायला गेले, तर तुळजाबाईंनी पट्टा काढून दोन्ही हात आधीच पुढे केले होते.