फटका कमरेतून येतो

राज्यांची फेररचना झाली तेव्हा नागपूर मुंबई राज्यात गेलं आणि आमचं बुऱ्हाणपूर नव्या मध्य प्रदेशात राहिलं. गावातल्या माणसांना त्याचं विशेष काही वाटलं नाही. हाल झाले ते सरकारी नोकरांचे. कोण कुठल्या राज्याच्या वाट्याला, याच्या याद्या निघत होत्या.

मी तेव्हा चोवीस वर्षांचा, सरकारी हायस्कुलात विज्ञान शिकवायचो. आमचे ड्रिल मास्तर चाळिशीचे, नागपूरचे. आई अंथरुणाला खिळलेली, बायको तिच्यापाशी, आणि हे इथे बुधवारा मोहल्ल्यात एका खोलीत. मद्रासला व्यायामाचं शिक्षण घेताना ते बेसबॉल शिकले होते आणि येताना एक बॅट घेऊन आले होते. गावात कोणी हा खेळ पाहिलेला नव्हता. पोरं त्या बॅटला कपडे धुण्याची मोगरी म्हणायची.

एकदा त्यांनी मला मैदानावर बोलावलं. स्टूल ठेवलं आणि म्हणाले, "बसा भाऊ. बसल्या बसल्या मारा."

मारला. चेंडू पंधरा पावलांवर जाऊन पडला.

"आता उभे राहून मारा."

तो कुंपणाजवळ गेला.

"हात तेच, बॅट तीच. मग जास्तीचा जोर आला कुठून? तुम्ही विज्ञानाचे मास्तर, सांगा ना."

मग रोज शाळा सुटल्यावर आम्ही दोघं तेच शोधत बसलो. ते फटका मारायचे, मी बाजूला उकिडवा बसून पाहायचो. आधी सगळं वजन मागच्या पायावर. मग पुढचा पाय थोडा पुढे पडतो, टाच रुतते. त्याबरोबर कंबर चेंडूकडे वळते, पण खांदे अजून मागेच. त्या क्षणी पोट आणि पाठ ओल्या धोतराला पीळ द्यावा तशी ताणली जातात. नवशिका इथेच चुकतो. तो कंबर, खांदे, हात सगळं एकदम फिरवतो आणि पीळ बसतच नाही. मास्तरांची कंबर वळून जवळजवळ थांबायची, तेव्हा तिचा वेग छातीत जायचा. छाती मंदावली की हातांत, आणि हातांतून बॅटमध्ये. पुढचा पाय ताठ होऊन हे सगळं पेलायचा.

"हात शेवटी येतात," ते म्हणायचे. "घाई फक्त हातांनाच असते."

मी बारीक, दम्याचा माणूस. खेळात मला कधी कोणी घेतलं नव्हतं. महिनाभराने माझ्या कमरेतून पहिला खरा फटका निघाला तेव्हा हाताला काही जाणवलंच नाही, नुसता आवाज आला. मास्तर हसले. त्या वर्षात मी त्यांना हसताना पाहिलं ते बहुतेक तेवढंच.

पुढे त्यांचा हुकूम आला. त्यांना मध्य प्रदेश मिळाला होता. हरकत असेल तर महिन्याच्या आत हेडमास्तरांमार्फत अर्ज करायचा होता. माझं इंग्रजी बरं, म्हणून अर्ज लिहिणं, टाइप करून घेणं आणि हेडमास्तरांकडे देणं त्यांनी माझ्याकडे सोपवलं. आईच्या आजाराचा मजकूर मीच लिहिला. त्यांनी सही केली.

आणि तो अर्ज मी माझ्या टेबलाच्या खणात ठेवला.

मास्तरांनी पोरांचाही बेसबॉलचा संघ तयार केला होता आणि खांडव्याच्या शाळेशी सामना ठरला होता. हेडमास्तरांना कळलं की हे जाणार, तर ते खेळ बंद करतील, असं मी स्वतःला सांगितलं. खरं कारण एवढंच की ते गेले असते तर माझ्याशी बोलायला शाळेत कोणी राहिलं नसतं. त्यांनी विचारलं, "दिला का हो?" मी म्हटलं, "दिला."

सामना आम्ही वाईट हरलो. पोरं भेदरली, सगळ्यांचे हात आधी सुटले. अकराव्या दिवशी मी अर्ज हेडमास्तरांच्या टेबलावर ठेवला. ते रजेवर गेले होते. मुदत संपता संपता परत आले, शेरा मारला, कागद भोपाळला गेला. उत्तर आलं तेव्हा हेडमास्तरांनी दोघांनाही बोलावलं. "मास्टरजी, अर्जी देर से पहुँची. अब कुछ नहीं हो सकता."

मास्तर "जी" म्हणाले आणि तासावर गेले.

पावसाळ्यात त्यांची आई गेली. तार पोचली तोवर तिकडे सगळं आटोपलं होतं. त्यानंतर त्यांनी बॅट काढली नाही. नुसती कवायत घ्यायचे, तीही सावलीत उभे राहून. दिवाळीनंतर त्यांची बदली राज्याच्या पार दुसऱ्या टोकाला, सरगुज्याला झाली.

मी स्टेशनावर गेलो. दुपारची गाडी होती, फलाटावर माणूस कमीच. मी म्हणालो, "मास्तर, तो अर्ज अकरा दिवस माझ्या खणात होता."

ते ट्रंकेवर बसले होते. "ठाऊक आहे मला," म्हणाले. "आवक रजिस्टरात तारीख पाहिली होती मी."

"मग बोलला का नाहीत?"

"बोलून काय झालं असतं? अर्ज काही परत वेळेवर पोचला नसता. आणि इथं तुमच्याशिवाय मला तरी बोलायला कोण होतं?"

त्यांच्या आवाजात राग नव्हता. असता तर मला बरं वाटलं असतं. गाडी आली, मी ट्रंक चढवू लागलो. त्यांनी माझा हात बाजूला केला आणि ती स्वतःच उचलून आत नेली. खिडकीपाशी आले नाहीत.

मी दोन पत्रं लिहिली. उत्तर आलं नाही. काही वर्षांनी तिकडून आलेल्या एका शिक्षकाने सांगितलं की छातीच्या दुखण्याने ते मुदतीआधीच निवृत्त झाले आणि नागपूरला गेले, फार दिवस काढले नाहीत. मुलीच्या सासरच्या निमित्ताने मी पुढे कितीदा तरी नागपूरला गेलो. त्यांच्या घराचा पत्ता मला पाठ होता, अर्जावर मीच तो टाइप करून घेतला होता. त्या गल्लीत मी कधी शिरलो नाही.