बालाजीनंतरची ठकठक

इक्बाल मिस्त्रींनी पाना लावला होता. ऑइल संपचा, म्हणजे इंजिनाच्या पोटाखाली असतं त्या तेलाच्या भांड्याचा, पहिला बोल्ट फिरणार एवढ्यात मी ओरडले, "रुकिए!"

मिस्त्री ट्रकखालून सरपटत बाहेर आले आणि चष्मा पुसत माझ्याकडे बघायला लागले. जयपूरच्या ट्रान्सपोर्ट नगरात बायका फारशा येत नाहीत, आणि आल्या तरी ओरडत नाहीत. मी मूळची सांगलीची. नवऱ्याच्या बँकेतल्या बदलीमुळे इथे आले आणि मोटार सर्व्हेयर म्हणून इथेच रुळले. गाडीचा इन्शुरन्स क्लेम आला की जाऊन काय मोडलं, कशाने मोडलं ते बघायचं आणि कंपनीला रिपोर्ट द्यायचा, हे माझं काम. इंजिन एकदा उघडलं की आवाज गेला. आणि इथे सगळी भानगड आवाजाचीच होती.

ट्रक अठरा वर्षांचा, दगड वाहणारा. मालक महेंद्रजी. त्यांची तक्रार अशी की इंजिन 'नॉक' करतंय, आतून कुणी हातोडी मारावी तसं ठक-ठक-ठक. जुन्या डिझेल इंजिनात असा आवाज आला की पहिला संशय बेअरिंगवर जातो. तेल कमी पडलं की बेअरिंग झिजतं, ढिलं होतं आणि आतला दांडा आपटायला लागतो. मग अख्खं इंजिन खोलण्याशिवाय गत्यंतर नाही.

महेंद्रजींनी मला दोन वाक्यांत प्रकरण समजावलं. "मैडम, पत्थर से संप को मार लगी और तेल गिरा, तो क्लेम आपके यहाँ. नहीं लगी, तो मतलब इसने तेल देखा ही नहीं. फिर यह आज से घर बैठेगा."

'हा' म्हणजे भंवरलाल, ट्रकचा ड्रायव्हर. ट्रक नवा होता तेव्हापासून हाच चालवत आलेला. पन्नाशी उलटलेली, मिशा पांढऱ्या, शर्टाची इस्त्री मात्र कडक. तो सरळ माझ्याकडे बघून म्हणाला, "पत्थर कहीं नहीं लगा, मैडमजी. और तेल मैं रोज देखता हूँ."

'लगा होगा' एवढं जरी तो बोलला असता तरी मालकाने त्याला ठेवलं असतं. नाही बोलला. मला तो माणूस तिथेच आवडला आणि माझीच पंचाईत झाली. कारण मी वाकून बघितलं, तर संपवर खरंच साधा पोचासुद्धा नव्हता. डिपस्टिक, म्हणजे तेल मोजायची पट्टी, काढली, तेल अगदी खुणेपर्यंत; पण 'आवाज आल्यावर भरलं असेल' असं मालक म्हणू शकत होते. खरा रिपोर्ट लिहायचा तर 'अपघात नाही' असं लिहावं लागणार, आणि त्याची नोकरी जाणार.

"पहले आवाज सुनाइए," मी म्हटलं.

इंजिन सुरू केलं. थोडा वेळ खडखडलं, पण थंड डिझेल इंजिन तसंही सुरुवातीला कुरकुरतंच, म्हणून कुणी लक्ष दिलं नाही. मग आवाज एकदम सरळ झाला. मिस्त्रींनी लांब स्क्रूड्रायव्हर इंजिनाला टेकवून दुसरं टोक कानाला लावलं. आमच्या धंद्यातला हा स्टेथोस्कोप. काही नाही. मग त्यांनी एकेका सिलिंडरचं डिझेल बंद करून बघितलं. ज्याचं बंद केल्यावर ठकठक थांबेल तो गुन्हेगार. पण थांबायला आधी ठकठक हवी ना!

मग रस्त्यावर नेऊन बघायचं ठरलं. महेंद्रजी स्वतः चालवायला बसले, मी केबिनमध्ये इंजिनाच्या झाकणाला कान लावून. निघतानाच मी दम भरला होता, "रेडियो बंद, बातें बंद, हॉर्न बिल्कुल नहीं." शिस्त म्हणजे शिस्त. मोकळ्या रस्त्यावर बराच लांबचा फेरा झाला. माझा कान भाजून लाल झाला, पण ट्रक शहाण्यासारखा चालला.

परत आले तर इन्शुरन्स कंपनीतल्या साहेबांचा फोन.

"मॅडम, रिपोर्ट कुठाय?"

"आवाजच येत नाहीये, साहेब."

"मग बरंच झालं की! नो क्लेम लिहा आणि या परत."

लिहिणं सोपं होतं. पण मी निघाले असते तर मिस्त्रींनी इंजिन उघडलंच असतं. अठरा वर्षांच्या इंजिनात काही ना काही झिजलेलं सापडतंच, आणि त्याचं खापर कुणाच्या डोक्यावर फुटणार हे दिसत होतं.

तेव्हा भंवरलाल पुढे आला. "मैडमजी, मेरे साथ चलिए. बालाजी के बाद बजता है."

हनुमानाला इकडे बालाजी म्हणतात. मिस्त्री हसले. महेंद्रजींनी हात जोडले, "लीजिए, अब भगवान पे डाल रहा है!"

खरं सांगते, मलाही वाटलं की गडी घाबरून काहीही बोलतोय. पण तो इतका वेळ खरं बोलला होता, म्हणून बसले. आग्रा रोडला लागलो. रस्त्याकडेला शेंदरी झेंड्याचं छोटंसं देऊळ दिसलं. भंवरलालने एक हात कपाळाला लावला आणि दुसऱ्या हाताने हॉर्न दिला. साधासुधा हॉर्न नव्हे, सुरांवर नाचणारा प्रेशर हॉर्न. देऊळ मागे पडेपर्यंत त्याने सोडलाच नाही.

"हॉर्न नको म्हटलं होतं ना!" मी मराठीतच ओरडले.

"बालाजी को सलाम तो देना पड़ेगा, मैडमजी."

आणि त्याच क्षणी, ठक-ठक-ठक-ठक.

मी झाकणावर अक्षरशः आडवी झाले. मिनिटभर वाजलं. मग खालून 'फुस्स' असा हवेचा आवाज आला आणि सगळं शांत.

"गाडी घुमाइए!"

परत देऊळ, परत सलाम, परत ठकठक, परत फुस्स. तिसऱ्या वेळी मी त्याला देवळापासून लांब, उघड्या माळावर हॉर्न द्यायला लावला. तिथेही तेच! मला हसू आवरेना. बालाजी यातून निर्दोष सुटले होते. आणि इतका वेळ हॉर्न बंद ठेवून आवाज कुणी दाबला असेल, तर तो मीच.

प्रकार साधा होता. ट्रकचे ब्रेक हवेच्या दाबावर चालतात. ती हवा भरायला इंजिनाला एक छोटा कॉम्प्रेसर जोडलेला असतो, आणि हा असला हॉर्नही त्याच टाकीतली हवा खातो. टाकी भरलेली असेल तेव्हा कॉम्प्रेसर नुसता मोकळा फिरतो; आमच्या पहिल्या फेऱ्यात रस्ता मोकळा, ब्रेक फारसे लागलेच नव्हते. लांबलचक हॉर्नने टाकी उतरली की तो जोर लावून भरायला लागतो, भरली की जास्तीची हवा फुस्स करून सोडतो. म्हणजे बेअरिंग गेलं होतं ते कॉम्प्रेसरचं. जोर लागला की वाजायचं, जोर संपला की गप्प.

परतल्यावर मिस्त्रींनी इंजिनाला हात न लावता कॉम्प्रेसर उतरवला. आतला दांडा बोटांनी हलवला तर खुटखुट वाजला. त्यांनी कपाळावर हात मारून घेतला. "सुबह स्टार्ट करते ही इसीलिए खड़कता था! रात में टंकी खाली हो जाती है. और मैं ठंडा इंजन समझता रहा."

कॉम्प्रेसर वयाने झिजला होता. यात ड्रायव्हरचा काडीचाही दोष नव्हता. महेंद्रजींनी खिशातून किल्ली काढून पुढे केली. "ले भाई, मिस्त्री का काम हो जाए तो कल माल भर लेना."

भंवरलालने किल्ली घेतली नाही. "पहले बोलिए, सेठजी."

"क्या बोलूँ?"

"कि तेल पूरा था."

महेंद्रजी मिस्त्रींकडे बघून चाचरत म्हणाले, "तेल... पूरा था."

"इनसे नहीं. मुझसे."

"तेल पूरा था, भंवरलालजी." अठरा वर्षांत ते 'जी' त्याच्या वाट्याला पहिल्यांदाच आलं असावं. मग त्याने किल्ली घेतली. मी उगाचच डिपस्टिक पुसत बसले.

रिपोर्ट इंग्रजीत लिहिला, नो क्लेम. खाली पेनाने हिंदीत एक ओळ वाढवली: इंजन ऑइल पूरा पाया गया, चालक की देखभाल उत्तम. तिची एक कॉपी भंवरलालला दिली. साहेबांनी दुसऱ्या दिवशी विचारलं, "ही ओळ कशाला? क्लेमच नाही तर ती वाचणार कोण?"

"वाचली, साहेब," मी म्हटलं. "दोनदा."

तेव्हापासून आवाजाची तक्रार आली की मी पहिल्यांदा गाडी तिच्या ड्रायव्हरला चालवायला सांगते, त्याच्या रोजच्या सवयीने, आणि शेजारी बसून स्वतः गप्प राहते. यातलं दुसरं काम मला अजून नीट जमत नाही.