मोहरी, मेथी आणि नाकाला चिमटा

समस्त मराठी जनांना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, नलूताईंचा मिसळणाचा डबा आता आमच्या घरी आला असून त्यातली मोहरी कोणालाही फोडणीला मिळणार नाही! महिन्यापूर्वी नलूताई गेल्या. त्यांच्या मुलीचा फोन आला तेव्हा मी रडलो. परवा तिने डबा आणून दिला, मी झाकण उघडलं आणि खो खो हसत सुटलो. आत कपडे वाळत घालायचा चिमटा होता.

नलूताई इथे परदेशात, आमच्या बर्फाळ गावातल्या हॉस्पिटलात हातांच्या थेरपिस्ट. ऐंशीच्या दशकात ग्रीनहाउसची काच फुटून माझ्या उजव्या मनगटातली नर्व्ह तुटली. सर्जननी ती सुरेख जोडली, वर्षभराने यंत्रावर माझी मूठ मोजली आणि फाइलवर 'एक्सलंट' लिहिलं. फाइल बंद होणार, एवढ्यात नलूताई म्हणाल्या, "भाऊ, मूठ मोजून झाली. पण खिशातली किल्ली काढताना खिशात डोकावता कशाला?" त्यांनी स्वतः तयार केलेला एक कागद असे. त्यातला शेवटचा प्रश्न : हाताला काय जमत नाही, ज्याचं तुम्हाला वाईट वाटतं? मी ऐटीत लिहिलं, 'काही नाही.' इथल्या मराठी मंडळाच्या नाटकांतला नायक मी, रडगाणं कसं गाणार?

मग त्यांनी घरून आणलेला हा डबा निघाला. माझ्या डोळ्यांवर रुमाल, चिमटीत दाणे. मी धडाधड सांगत सुटलो... मेथी! जिरं! आणि जिला वास नाही ती मोहरी! माझी बायको मीना टाळ्या वाजवायला लागली. "हिरो, परीक्षा बोटांची आहे, नाकाची नाही," म्हणत नलूताईंनी माझ्या नाकाला चिमटा लावला. झालं... सगळे दाणे सारखेच. शेवटी त्या गेंगाण्या आवाजात मी खरं बोललो, "मीनाचा हात धरला ना, की नुसता हातमोजा धरल्यासारखं वाटतं." टाळ्या केव्हाच थांबल्या होत्या. नलूताईंनी 'काही नाही' खोडलं, तिथे माझं हे वाक्य लिहिलं आणि फाइल उघडीच ठेवली.

पुढे कित्येक महिने सँडपेपर, मखमल, मेथी, मोहरी... आधी बघून, मग डोळे मिटून. आता परवापासून रोज सकाळच्या चहाआधी मी तो चिमटा नाकाला लावून डब्यात बोटं घालतो आणि जानेवारीतली ती शेवटची परीक्षा आठवतो. रुमाल, चिमटा, सगळा थाट होता. मेथी ओळखली. मोहरी ओळखली! मग नलूताईंनी हातात तिसरंच काहीतरी ठेवलं... आणि मी भर क्लिनिकमध्ये ओरडलो,

"अगं मीने, केवढा गार हात! हातमोजे परत बसमध्ये विसरलीस?"