डाव्या बाजूची शिम

उत्तरेकडच्या एका खोऱ्यात आमच्या वर्कशॉपची डिटॅचमेंट होती. अकरा माणसं, दोन तंबू, एक पत्र्याची शेड. सहाला पीटी, आठला शेडमध्ये हजर, एकला जेवण. त्या अकरांत आपल्या भागातले आम्ही दोघंच. मी नाते गावचा, आणि नाईक किसन उतेकर पोलादपूरच्या डोंगरातल्या एका वाडीतला. एका मुलखाचे म्हणून सगळ्यांना वाटायचं, आमचं सख्य असणार. खरं सांगतो, मला तो डोळ्यांसमोर नको असायचा.

मी आयटीआय करून भरती झालो होतो, तो म्हशींच्या मागून उठून. तरी गाडी अडली की साहेबांची हाक यायची, "उतेकर!" मी शेजारी उभा असलो तरी.

त्यात ते स्विव्हलचं झालं. जुन्या जीपच्या पुढच्या अॅक्सलच्या दोन्ही टोकांना ज्या सांध्यावर चाक वळतं, तो स्विव्हल. त्याच्या वरच्या टोपीखाली कागदासारख्या पातळ पोलादी पट्ट्या असतात, त्या शिम. शिम जास्त झाल्या तर सांधा ढिला राहतो आणि चाकं थडथडतात. कमी पडल्या तर स्टिअरिंग जड होतं. बरोबर बसलंय की नाही, ते सांध्याचा दांडा ताणकाट्याने ओढून बघायचं. पुस्तकात पाच किलो लिहिलं होतं. आमचा ताणकाटा मोडलेला होता.

मी नव्या काट्यासाठी अर्ज लिहायला बसलो. किसनने मेसमधून दुधाचं एक लिटरचं माप आणलं. दांड्याला दोरी बांधली, ती कप्पीवरून सोडून टोकाला हलकासा डबा लटकवला आणि त्यात मापाने पाणी ओतत गेला. पाचव्या मापाला सांधा हलला.

"लिटरला किलो," तो म्हणाला. "आमच्या वाडीत तूप असंच तोलतात पान्यावर. काटा कुठला आलाय तिथं?"

साहेबांनी त्याची पाठ थोपटली. माझा अर्ज टेबलावरच राहिला. मला अशा मिरच्या झोंबल्या की दोन दिवस मी त्याच्याशी बोललो नाही. त्याला ते कळलंसुद्धा नाही, याचा राग वेगळा.

पुढच्याच आठवड्यात सकाळी साडेआठला रेडिओ वाजला. पुढच्या चौकीवर एक जवान आजारी होता, त्याला खाली आणायचं होतं. ढगांमुळे हेलिकॉप्टर येणार नव्हतं.

"जीप कब मिलेगी? ओव्हर."

"तेरा सौ तीस. ओव्हर," साहेबांनी सांगितलं.

शेडमध्ये एकच जीप होती आणि तिचे दोन्ही स्विव्हल खोललेले होते. उजवा किसनने घेतला, डावा मी. जुनी बेअरिंग काढली, नवी बसवली. साडेबाराला माझी बाजू झाली. चार शिम टाकून मी दांडा हाताने ओढून बघितला. पाणी लावलं नाही. त्याचं माप हातात धरायचं म्हणजे त्याला गुरू मानायचं, असं मला वाटलं.

"पानी लावून बघू काय रे?" किसनने विचारलं.

"नको. माझा हात काट्यापेक्षा बरा हाय."

साहेब आले. "दोनो साइड?"

"ओके, सर," मी म्हणालो.

किसनने माझ्याकडे बघितलं. "सर, दस मिनिट," एवढंच बोलला.

मी तणतणत चहाला निघून गेलो. परत आलो तेव्हा जीप चालू होती. गाडीबरोबर मेकॅनिक म्हणून जायचा नंबर माझा होता. साहेब म्हणाले, "उतेकर जायेगा." किसनने टूलबॉक्ससाठी हात पुढे केला. मी तो त्याच्या हातात दिला नाही, जमिनीवर ठेवला.

सोळा पन्नासला रेडिओ आला. "पत्थर गिरा है. पेशंट ओके. ड्रायव्हर ओके. उतेकर नहीं रहा. ओव्हर." 

ड्रायव्हरने चौकशीत सांगितलं, की दगड दिसताच त्याने स्टिअरिंग पूर्ण फिरवलं आणि चाकं सांगितली तिथे वळली, म्हणून जीप दरीत गेली नाही. एक दगड मात्र किसनच्या बाजूने आत आला.

जीप ओढून आणल्यावर अॅक्सल खोलायचं काम माझ्याकडे आलं. डाव्या टोपीखाली तीन शिम होत्या. मी चार टाकल्या होत्या. चौथी त्याच्या टूलबॉक्समध्ये चिंधीत गुंडाळलेली सापडली. माझी बाजू ढिली होती. त्या दहा मिनिटांत त्याने पाणी लावून ते बघितलं, एक शिम काढली आणि कुणालाही सांगितलं नाही.

रिपोर्टमध्ये आलं, दोन्ही स्विव्हल ओके. डाव्या बाजूसाठी साहेबांनी माझी पाठ थोपटली. "थँक यू, सर," मी म्हणालो. शिम माझ्या खिशात होती. मेलेल्या माणसाचाही हेवा वाटू शकतो, हे मला त्या दिवशी कळलं. जाता जाताही तो माझ्यापेक्षा वरचढ ठरून गेला होता.

आता नाते गावात, गडाच्या रस्त्यावर माझं गॅरेज आहे. हिरकणीवाडीकडच्या जुन्या जीपा माझ्याकडेच येतात. ताणकाटा आहे, तरी मी पाणीच लावतो. ही युक्ती कुणाची, असं कुणी विचारलं की "माझीच" म्हणायचो. पोलादपूर इथून तासाभरावर. किसनच्या वाडीला मी एकदाही गेलो नव्हतो.

गेल्या महिन्यात पोलादपूरकडचा एक गाडीवाला थडथडणारी जीप घेऊन आला. बरोबर त्याची म्हातारी चुलती होती. गुडघे शेकायला सव गावच्या गरम पाण्याच्या कुंडावर निघाली होती. ती बाकावर बसून माझं काम बघत होती. मी चार मापं ओतली.

"ही आयडिया कुनाची वो, भाऊ?" गाडीवाल्याने विचारलं.

"माझीच."

म्हातारी बोलली, "आमच्याकडं तूप असंच तोलतात. माझ्या किसनला लय सफाई व्हती."

पाचवं माप माझ्या हातात भरलेलं होतं. "कुठला किसन, आई?"

"माझा ल्योक. उतेकर. मिल्ट्रीत व्हता. गेला."

मी माप खाली ठेवलं. टेबलाच्या खणातली, चिंधीत गुंडाळलेली ती शिम आणून तिच्या हातात दिली आणि सगळं सांगितलं. अर्ज, चहा, जमिनीवर ठेवलेला टूलबॉक्स, काही लपवलं नाही.  शिम दोन बोटांत धरून तिने उजेडाकडे केली.

"येवढीशीच?"

"एवढीच, आई."

"आन् येवढ्यासाठी तू वाडीला आला नायस?"

 तिने शिम पदराच्या टोकाला गाठ मारून बांधली.

"वत आता पानी," ती म्हणाली. "माझं गुडगं खोळंबलंत."

मी पाचवं माप ओतलं. सांधा हलला.

परवा हिरकणीवाडीचा एक जीपवाला कामाजवळ उभा होता. ही युक्ती कुणाची, त्याने विचारलं. "नाईक किसन उतेकर, पोलादपूर," मी म्हणालो. नाव घेताना अजूनही पोटात जरा जळतं. तरी घेतो.