एका मांडवावरचे दोन वाल

माझ्या लग्नात मायनं ओटीत जे घातलं, त्यात वालाच्या बियांची एक पुरचुंडी होती. बी काळंभोर, कडेला पांढरी रेघ. शेंग जांभळी, चिंचोळी. शिजताना असा वास सुटायचा की गल्लीतल्या बाया विचारायच्या, आज काय केलंय म्हणून. वसमतकडच्या आमच्या घरी हे बी मायच्या मायकडून आलं होतं. आमच्यात बी असंच फिरतं, आईकडून लेकीच्या सासरी. उलटं कधी नाही. लेकीच्या घरचं काही घ्यायचं नाही, हा मायचा नियम इतका कडक की माझ्याकडं यायची तर स्वतःची भाकरी फडक्यात बांधून आणायची.

सासर सिद्धेश्वरच्या कालव्यावर. तेव्हा आम्ही परभणी जिल्ह्यात होतो. आत्याबाईंचा, म्हणजे माझ्या सासूचा, न्हाणीच्या पाण्यावर वालाचा मांडव होता. त्यांचं बी पांढरं, शेंगा रुंद हिरव्या, टोपल्यानं निघायच्या. चवीला मात्र, आता त्या नाहीत म्हणून बोलते, निव्वळ गवत. मी म्हटलं, माझा वेल वेगळा, पार तिकडं कुडावर लावते.

"काहून?" आत्याबाई म्हणाल्या. "एका घरात दोन मांडव? लोक म्हणतील, सासूसुनेचं पटत न्हाई."

लोकांचं तोंड बंद करायला दोन्ही वाल एकाच मांडवावर चढले. आमचं पटतंय हे भुंग्यांनी जरा जास्तच मनावर घेतलं, तिच्या फुलातलं माझ्या फुलात नेऊन घातलं.

त्या साली काही कळलं नाही, कारण बी काळंच निघालं. दुसऱ्या साली शेंगा जांभळ्या पण रुंद, आणि वेलाला खच्चून लागलेल्या. मी खूश. तिसऱ्या साली तेच बी पेरलं आणि मांडव बघून मला रडू आलं. एका वेलाला हिरव्या शेंगा जांभळ्या काठाच्या, एकाला विळ्यासारख्या वाकड्या, एकाला इतक्या कडू की म्हशीनं तोंड फिरवलं. बी तपकिरी, ठिपक्यांचं, राखाडी. मायचा वाल त्यात कुठंच नव्हता.

मी धावत माहेरी गेले, अजून मूठभर बी मागायला. तोंड उघडायच्या आत मायच म्हणाली, "माझ्या गाडग्यातलं समदं बी किडीनं खाल्लं बघ. बरं झालं तुला दिलं. तुझ्याकडं हाय न्हवं?"

"व्हय, हाय की. लई झकास हाय," मी म्हटलं.

धडधडीत खोटं. परतताना एसटीत माझं मला तोंड दाखवावंसं वाटेना. पिढ्यानपिढ्याचं बी माझ्या हातात येऊन संपलं होतं आणि मायला ते सांगायची माझी हिंमत नव्हती.

आमचे हे शाळेत विज्ञान शिकवायचे. त्यांनी दहावीच्या पुस्तकातले आनुवंशिकतेचे वाटाणे काढले, तीनास एक असा हिशोब मांडला आणि मांडवाखाली जाऊन शेंगा मोजत बसले. हिशोब काही लागेना. पण एक गोष्ट मला पटली. मायच्या वालाला जवळ जाणारा वेल निवडायचा, फक्त त्याचंच बी धरायचं, पुढच्या साली पुन्हा तेच. बाकीचे खाऊन टाकायचे. आत्याबाईंचा पांढरा वाल मांडवावर नको, असं मी भीत भीत सांगितलं. त्या आठ दिवस बोलल्या नाहीत. नवव्या दिवशी ते सगळं बी आपल्या पुसेगावच्या बहिणीकडं पोचतं करून आल्या.

निवडलेल्या वेलाला मी लाल चिंधी बांधायची, म्हणजे त्याच्या शेंगा कुणी तोडू नयेत. आत्याबाईंना सांगायची, नजर लागू नये म्हणून. बी आगपेट्यांत. अशी बरीच वर्षं गेली. आमचा जिल्हा हिंगोली झाला, पण वाल काही एका रंगावर येईना. मग एका हिवाळ्यात एक वेल सापडला. शेंग चुरगाळली तर अगदी मायच्या चुलीपुढं बसल्याचा वास. मी चिंधी बांधली आणि आठ दिवस भाचीच्या लग्नाला गेले.

आले तर मांडवावरच्या झाडून सगळ्या वेलांना लाल चिंध्या. आत्याबाईंनी त्यासाठी जुनं लुगडं फाडलं होतं.

"नजर लागू नये म्हणून तू एकालाच बांधलीस," त्या म्हणाल्या. "बाकीच्यांनी काय घोडं मारलं?"

मी रडत रडत सगळं सांगितलं, मायशी बोललेल्या खोट्यासकट. आत्याबाई ऐकून उठल्या. एकेका वेलाची शेंग तोडायच्या, चुरगाळायच्या, नाकाशी धरायच्या. सातव्या वेलाशी थांबल्या.

"ह्योच तुझा वेल."

"कशावरून?"

"तू गेल्यावर म्या ह्याच्या मूठभर शेंगा चोरून खाल्ल्या. त्यो वास इसरत्यात व्हय?"

त्या वेलाचं बी पुढं तीन-चार साल लावलं. शेवटी सगळे वेल एकसारखे आले. काळं बी, पांढरी रेघ, जांभळी शेंग, वास मायचा. फक्त रुंदी आत्याबाईंची. ती काही हटली नाही.

एरवी उन्हाळ्यात, मांडव मोकळा असताना येणारी माय त्याच हिवाळ्यात आली. चुलीवर भाजी होती. ती दारातच थांबली. "आपला वाल," म्हणाली.

आता लपवून काय करायचं? मी म्हटलं, "माय, ह्यो तुझा न्हाई. मी मिसळून टाकला. खोटं बोलले तुला."

माय सरळ मांडवाखाली गेली. एक शेंग तोडून बोटानं रुंदी मापली, मग वास घेतला. मागून आत्याबाई म्हणाल्या, "रुंदी आमची हाय, इहीनबाई."

माय हसली. ओट्यावर येऊन तिनं भाकरीचं फडकं सोडलं, भाकरी बाजूला ठेवली आणि फडकं माझ्यापुढं पसरलं. "घाल मूठभर बी. माझा मांडव कवाचा रिकामा हाय."

"माय, लेकीच्या घरचं?"

"लेकीचं कुठलं? अर्धं माझंच हाय की."

आत्याबाईंनी दोन्ही हातांनी फडक्यात बी ओतलं आणि गाठ मारली. मग उघड्यावर पडलेली मायची भाकरी उचलून त्यांनी म्हशीपुढं टाकली. त्या दिवशी माय पहिल्यांदा माझ्या घरी जेवली.