शब्द एकच, हात निराळे

दुधाचे रिकामे कागदी खोके इथल्या कचऱ्याच्या नियमाप्रमाणे धुऊन, कापून वाळत घालत होते, तेवढ्यात इराचा फोन आला. शरयूताई गेल्या हे तिनं मला जपानीत सांगितलं, आणि तेही ऑफिसातल्या वरिष्ठांना सांगावं तशा अदबीच्या जपानीत. "आई गेली" एवढे दोनच शब्द हवे होते मला... मी इथे जपानातल्या ग्योतोकुत, माझ्या स्वयंपाकघरात ओल्या हातांनी उभी, आणि तिकडे हॉस्पिटलातून ताईंची एकुलती एक लेक माझ्याशी परक्यासारखी बोलतेय! रडू यायच्या आधी मला रागच आला, खोटं कशाला बोलू.

शरयूताई आमच्याच इमारतीत, दोन मजले वर राहायच्या. पूर्वी पुण्यात रशियन शिकवायच्या. नवऱ्याच्या नोकरीमुळे इकडे आल्या आणि ते गेल्यावरही लेकीसाठी इथेच राहिल्या. एक रशियन लोककथा मराठीत आणताना त्यांचं घोडं 'गुस्ली' नावाच्या वाद्यापाशी अडलं. वीणा लिहावं तर ती वीणा नाही, संतूर लिहावं तर मन घेईना. शोधायला लागल्या तर हाच शब्द थोडाफार बदलून कितीतरी स्लाव्ह भाषांमधून पसरलेला, आणि वाद्य मात्र दर मुलखात निराळं. रशियन गुस्ली मांडीवर ठेवून बोटांनी छेडायची. सर्बियन 'गुस्ले' एका तारेचं, उभं धरून गजानं वाजवायचं. चेक लोकांचं 'होउस्ले' म्हणजे तर सरळ आपलं व्हायोलिनच. मी म्हटलं, "अहो ताई, 'एक परदेशी वाद्य' असं लिहा आणि मोकळ्या व्हा की."

"आणि वाचणाऱ्यानं हात कुठे ठेवायचे गं?" त्यांनी उलट मलाच विचारलं.

त्यांची पद्धतच तशी. कोशातला अर्थ त्यांना पुरायचा नाही. त्या भाषेचं माणूस गाठायचं, त्याच्या तोंडून शब्द वदवून घ्यायचा आणि म्हणायचं, "आता हातांनी दाखवा." शेजारच्या उरायासुला इंग्रजी शिकवणाऱ्या एका चेक बाईनं भर रस्त्यात हनुवटी खांद्याकडे वळवून गज ओढून दाखवला होता. मेट्रोनं चार स्टेशनं पुढे एका सर्बियन माणसाचं छोटं खाणावळवजा दुकान होतं. त्यानं हातातला ट्रे बाजूला ठेवला, स्टुलावर बसला आणि डोळे मिटून वाजवायलाच लागला... वाद्य नाही, काही नाही, नुसते हात. गिऱ्हाइकं बघत राहिली. परतताना मेट्रोच्या शांत डब्यात ताई तो गज पुन्हा पुन्हा ओढून बघत होत्या, आणि शाळेच्या गणवेशातली इरा उठून पलीकडच्या दारापाशी जाऊन उभी राहिली. आमच्याशी आपला काही संबंध नाही, असा चेहरा करून.

खरं दुखणं तिथेच होतं. आई मराठीत बोलायची आणि लेक जपानीत उत्तर द्यायची. लहानपणी दोघींचं निभायचं, पण इराचं जपानी वाढत गेलं आणि ताईंचं दुकान, स्टेशन, कचरा टाकायचे वार एवढ्यावरच थांबलं. एकदा न राहवून मी बोलले, "ताई, घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं, असं चाललंय तुमचं. सर्बियातल्या शब्दामागे धावता, त्यापेक्षा लेकीची भाषा शिका." ताई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "क्लास लावून पाहिला गं. या वयात डोक्यात राहत नाही. ती रागावली की मला नुसता राग कळतो, कशाचा ते कळत नाही." मग चहा ठेवायला उठल्या. पुढे इरा नोकरीला ओसाकाला गेली आणि फोनसुद्धा विरळ झाले.

या हिवाळ्यात ताईंना झटका आला. उजवी बाजू गेली, आणि भाषाही गेली. मराठी, रशियन, सगळीच. ज्या बाईनं जन्मभर शब्द वेचले तिला पेला दाखवला तरी 'पेला' म्हणता येईना. देवाची थट्टा तरी किती वाईट! थेरपीवाली मुलगी गोड आवाजात चित्रं दाखवायची आणि ताई भिंतीकडे तोंड फिरवायच्या. ओसाकाहून धावत आलेली इरा कोपऱ्यात बसून होती. अचानक उठली, पलंगाशी आली आणि म्हणाली, "गुस्ली."

ताईंनी मान वळवली. डावा हात हळूहळू पांघरुणावर सरकला आणि बोटं हलू लागली.

"गुस्ले," इरा म्हणाली. डावा हात वर उचलला गेला, तार दाबायला. पण गज उजव्या हातात असतो, आणि तो हात तर उशीशी नुसता पडलेला. इरानं तो आपल्या हातात घेतला आणि ओढला, मागेपुढे, मागेपुढे, अगदी त्या सर्बियन दुकानवाल्यासारखा. मग 'होउस्ले' झालं. ताईंची हनुवटी खांद्याकडे वळली आणि गज पुन्हा लेकीच्या हातात. दारापाशी पाठ फिरवून उभी राहणाऱ्या पोरीनं सगळं पाहून ठेवलं होतं! मी बाहेर जाऊन हमसून हमसून रडले. त्यानंतर जेमतेम दोन आठवडे मिळाले दोघींना. रोज तेच चालायचं, आणि नर्सबाईंना वाटायचं की हा आमच्याकडचा काहीतरी व्यायाम आहे.

ताईंना जाऊन आता दीड महिना झाला. परवा इराचा फोन आला. या वेळी मराठीत, अडखळत, प्रत्येक शब्द चाचपून. "मावशी, खरं सांग. मी आईशी नेहमी जपानीत बोलले. तिला सगळं... कळत होतं?"

'हो गं राणी' अगदी ओठांवर आलं होतं. पण तिनं खरं सांग म्हटलं होतं.

"नाही गं. निम्मंसुद्धा कळायचं नाही."

मग म्हणाली, "पण ती तर... सारखी हो, हो म्हणायची. मान हलवायची. का?"

"तू बोलायची थांबू नयेस म्हणून," मी म्हटलं.