फाटकाजवळचं घमेलं

रविवारी सकाळी पार्किंगमध्ये गाडीचं कूलंट बदलायला बसलो. रेडिएटरखाली काहीतरी ठेवायला हवं, म्हणून फाटकाजवळचं घमेलं ओढलं. जुनं कूलंट त्यात उतरलं. पोपटी, चमकदार, थेट सरबतासारखं. घरच्या घरी काम जमल्याच्या खुशीत चहाला वर गेलो.

खाली आलो, तर तळमजल्यावरच्या काकू घमेल्यापाशी उभ्या. "अहो, यात काय ओतलंय? राणी पीत होती. मी हाकललं तिला."

राणी आमच्या गल्लीतली कुत्री. उन्हाळ्यात आम्ही त्या घमेल्यात भटक्या जनावरांसाठी पाणी ठेवतो. रोज सकाळी मीच भरतो.

"किती प्यायली?"

"मी आले तेव्हा पीत होती. त्याआधीचं कसं सांगू?"

कूलंट चवीला गोड लागतं आणि जीव घेतं, हे मला ठाऊक होतं. तरी हात सवयीने त्याच घमेल्याकडे गेला. वाईट करताना माणूस निदान इकडेतिकडे बघतो तरी. रोज जिथे चांगलं करतो, तिथे बघायची गरजच वाटत नाही त्याला. आणि त्या मुक्या जिवाने तरी का बघावं? घमेलं भरलेलं होतं, भरणारा ओळखीचा होता.

जनावरांच्या डॉक्टरांना फोन लावला. "असाल तसे घेऊन या," ते म्हणाले.

राणी कोपऱ्यावर सावलीत बसली होती. मी हाक मारली. नेहमीसारखीच शेपूट हलवत ती माझ्याकडे धावत आली.